उजव्या सिंहावरचा हात

मित्रांनो, दुरून पाहाल तर मी सोन्याचं सिंहासन आहे. जवळ आलात की कळेल, मी प्लायवूडची खुर्ची आहे. पाठीला फोम, वर लाल मखमल आणि हातांच्या टोकांना दोन लाकडी सिंह. डावा सिंह रंगाऱ्याने घाईत उरकला, म्हणून तो जरा मांजरासारखा दिसतो. मला घडवताना सुतार म्हणाला होता, "दिसायला जड हवी, उचलायला हलकी." आजवर मी त्याचा शब्द पाळला आहे.

ऐतिहासिक मालिकांमध्ये माझ्यावर कितीतरी राण्या बसल्या. कोणी टेकते, कोणी कोसळते, कोणी आधी धूळ पाहते. बसण्यावरून मला माणूस कळतो. प्रेक्षकांनी प्रत्येक राणीला नावं ठेवली; मला मात्र कधीच नाही. सगळ्यांत खोटी मीच, आणि "काय ते वैभव!" हेही माझ्याच वाट्याला.

राणीचं काम करणारी बाई आत नटत असते, तोवर तिच्या जागी कुणीतरी बसायचं आणि त्या चेहऱ्यावर दिवे बसवायचे, अशी आमच्याकडे पद्धत होती. हे काम कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींच्या भाचीकडे होतं. तिचे आजोबा समुद्रापलीकडून आलेले. तिचा रंग काळा, केस दाट कुरळे. दिवेवाले काका वर्षानुवर्षं तिच्याच चेहऱ्यावर उजेड जुळवायचे. तो तिच्या गालांवरून ओघळत माझ्या सिंहांवर यायचा आणि सगळं पाण्याखाली असल्यासारखं शांत व्हायचं. ती ओठांतल्या ओठांत राणीची वाक्यं पुटपुटायची. मला वाटायचं, हा खरंच दगडी महाल आहे, बाहेर घोडे फुरफुरताहेत. बाहेर खरं तर जनरेटर असायचा.

मग मालिका अर्ध्यावर असताना राणी रुसून निघून गेली, आणि दिग्दर्शकांनी भाचीलाच राणी केलं. तिचा फोटो बाहेर पडला मात्र, लोकांनी मोबाइलवर रान उठवलं.

"राणी अशी नव्हती हो! तिची चित्रं आहेत," इतिहासाचे सल्लागार तळमळून म्हणाले. "पोरं हेच खरं मानतात. आज चेहरा बदलाल, उद्या हरलेली लढाई जिंकाल!"

"मागची राणी घाऱ्या डोळ्यांची होती, तेव्हा कुठे होती ती चित्रं?" मावशींनी सुईत दोरा ओवता ओवता टोमणा मारला.

"तेव्हाही मी पत्र लिहिलं होतं, बाई. कोणी उघडलंसुद्धा नाही," म्हणत ते थकून माझ्यावरच बसले. वजन बेताचं, पण उसासा भारी.

दिग्दर्शकांनी मधला मार्ग काढला: भाचीचा चेहरा रंगवून गोरा करायचा. आजचा प्रसंग जमला नाही, तर उद्या दुसरी राणी येणार होती.

दिवे मात्र तिच्या मूळ रंगावर जुळवलेले. ते लागले आणि पडद्यावर तिचे डोळे-नाक सगळं वितळून गेलं; राजवस्त्रावर उकडलेलं अंडं ठेवावं तसं! सगळे हसले. ती हसली नाही.

"काका, दिवे हलवू नका," ती म्हणाली. तिने तळव्याने तोंड खसाखसा पुसलं. "सर, एकदा माझ्या तोंडाने बोलू द्या. नाही जमलं, तर उद्यापासून परत दिव्यांसाठी बसेन."

शत्रू वेशीवर आला आहे, असा तो प्रसंग. तिने उजव्या सिंहाचं डोकं घट्ट धरलं आणि हळूच म्हणाली, "दार उघडा. मी इथेच बसले आहे."

मला घोडे ऐकू आले.

"माझं मत बदललेलं नाही," शेवटी सल्लागार म्हणाले, "पण दार उघडू नका, असं वाटून गेलं."

शेवटच्या भागापर्यंत माझ्यावर तीच बसली. वाद अजून चालूच आहे म्हणतात, चालू दे.

मी आता गोदामात आहे, मित्रांनो. माझा मागचा पाय डुगडुगतो. कधी आलात तर त्याला एक खिळा मारा, धूळ झटका, हवं तर डाव्या मांजराला पुन्हा सिंह करा. पण उजव्या सिंहाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा, पाच बोटांचा ठसा आहे. तिथे फडकं फिरवू नका. नंतर त्यावर सोनेरी रंग चढवला गेला, पण त्याखालून मी तो जपून वर आणला आहे.