साहेबांचा स्वभाव

आमच्या कुत्र्याचं नाव साहेब. नाव हिने ठेवलं. मी चौतीस वर्षं लिफ्टचा मेकॅनिक होतो आणि तेवढ्या वर्षांत एकाही साहेबाशी माझं धड पटलं नाही, म्हणून मुद्दाम. पिल्लू घरात आणलं त्याच दिवशी ती म्हणाली, "आता रोज म्हणायचं, साहेब, चला. साहेब, जेवता का. बघू किती दिवस तोंड वाकडं करता." सहा वर्षं झाली, मी म्हणतोय.

साहेब तपकिरी आहे. उंचीला माझ्या गुडघ्याएवढा, एक कान उभा आणि एक पडलेला. लाँड्रीच्या मागे सापडला होता. त्याची जात कोणी विचारली की ही सांगायची, "इस्त्रीवाला." काही लोक मान डोलवायचे. एकाने तर सांगितलं की ही जात हुशार असते.

ही होती तोवर त्याला फिरवायचं काम तिचं. सकाळी सव्वासहाला दोघं इमारतीमागच्या बागेत जायची ती आठला परतायची. एवढा वेळ काय करता, असं विचारलं तर म्हणायची, "तो हुंगतो, मी बोलते." दहा महिन्यांपूर्वी ती गेली आणि दोरी माझ्या हातात आली. मी सव्वासहाला निघतो आणि सहा पस्तीसला घरी असतो.

बागेतल्या मंडळींची एक रीत आहे. तिथे माणसाला स्वतःचं नाव नसतं. कुत्र्याचं नाव आधी आणि नातं मागून. ढगोबाची आई, फुग्याचे आजोबा. मला बघून पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणालं, "हे साहेबांचे वडील." आयुष्यभर साहेबांचं ऐकून घेतलं आणि निवृत्तीनंतर एकदम वडील झालो. अशी बढती कंपनीत कोणाला मिळाली नसेल.

बागेत एक बँकेचे मॅनेजर येतात. आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांचा कुत्रा बादशहा, सोनेरी, केसाळ, वासराएवढा. तो कायम मोकळा असतो. तो धावत सुटला की मॅनेजर लांबूनच ओरडतात, "काही करत नाही हो तो!" हे ते कोणाला सांगतात ते मला अजून कळलेलं नाही. कुत्र्याला सांगत असतील तर कुत्रा ऐकत नाही. समोरच्याला सांगत असतील तर तोपर्यंत समोरचा खाली पडलेला असतो.

त्या मंगळवारी बादशहा असाच आला आणि साहेबांच्या पाठीवर त्याने पुढचे दोन्ही पाय ठेवले. साहेबांनी मागे वळून त्याचा कान धरला. धरला आणि सोडला, पण कानाला दोन टाके पडले.

दुसऱ्या दिवशी इमारतीचे सेक्रेटरी घरी आले. हातात मॅनेजरांचा तक्रार अर्ज होता. "एवढा एकच असता तर मी मिटवलं असतं," ते म्हणाले. "पण तुमचा कुत्रा पेपरवाल्यावर गुरगुरतो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंवर भुंकला. वहिनी होत्या तेव्हा असं कधी नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणालो.

मग त्यांनी निर्णय सांगितला. रविवारी सकाळी आठला बागेत साहेबांच्या स्वभावाची परीक्षा. जनावरांच्या डॉक्टरने पाच गोष्टी लिहून दिल्या होत्या आणि परीक्षा घेणार होत्या बागेत येणाऱ्या सिस्टर. पास झाला तर राहील. नापास झाला तर कुत्रा इमारतीत ठेवता येणार नाही.

मी मेव्हणीला फोन केला. ती म्हणाली, "भावोजी, सरळ माझ्याकडे पाठवा. इथे अंगण आहे, मुलं आहेत. तुम्हीही मोकळे व्हाल."

"बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला. तिने मनापासून सांगितलं होतं, त्यात वाईट काही नव्हतं. पण मोकळा मी पुरेसा आहे. मी आंघोळ करून बाहेर आलो की मान वर करून बघणारं घरात एकच जण आहे. तो गेला तर सकाळपासून झोपेपर्यंत मला तोंड उघडायचं काही कारण उरणार नव्हतं. साहेब, चला, एवढंसुद्धा नाही.

सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांची कुत्री चौदा वर्षांची आहे, तिचं नाव मावशी. मावशीला एका डोळ्याने दिसत नाही. ती बाकाला धडकते आणि मग बाकावर भुंकते. गुरुवारी सकाळी सिस्टरनी मला बागेच्या फाटकातच गाठलं.

"पळू नका, साहेबांचे वडील. रविवारची तयारी करायची आहे."

"परीक्षा घेणाराच शिकवणी घेतो का?"

"मी चाळीस वर्षं इंजेक्शन द्यायच्या आधी सांगत आलेय, दुखणार आहे. त्यातलंच समजा. चला, चालून दाखवा."

मी दहा पावलं चाललो.

"थांबा. हातात काय आहे?"

"दोरी."

"तिचे हाताला तीन वेढे? कुत्रा फिरवताय की विहिरीतून घागर काढताय?"

मला राग आला. मी त्यांना लिफ्टचं समजावून सांगितलं. लिफ्टचा दोर नेहमी ताठ असावा लागतो. दोर सैल पडला याचा अर्थ वर किंवा खाली काहीतरी बिघडलंय. त्यासाठी खास एक स्विच असतो, दोर ढिला झाला की लिफ्ट जागच्या जागी बंद. सैल दोर दिसला की मेकॅनिकचा हात आधी तो ताणायला जातो, मग मेकॅनिक निवृत्त असो की काही असो.

सिस्टरनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. फक्त हा आधीच जमिनीवर उभा आहे. सैल सोडलात तरी खाली कुठे पडणार नाही."

त्यांनी थर्मासचं झाकण काढलं, त्यात काठोकाठ पाणी भरलं आणि ज्या हातात दोरी होती त्याच हातात दिलं. "आता चाला. दोरी ओढलीत की पाणी सांडेल. सांडलं की परत भरायचं."

ते झाकण मी त्या दिवशी अकरा वेळा भरलं. बागेतल्या मंडळींना फुकटचा तमाशा झाला. फुग्याचे आजोबा तर व्यायाम सोडून बाकावर येऊन बसले आणि मोजायला लागले. शुक्रवारी मी सात वेळा सांडलं. शनिवारी सिस्टरनी मला मध्येच थांबवलं.

"एक गोष्ट सांगू का? मावशी शेजारून गेली, पाणी हललं नाही. ढगोबा गेला, हललं नाही. ढगोबाची आई 'कसे आहात' म्हणाली आणि अर्धं झाकण तुमच्या बुटात."

"मग?"

"मग काय? तुम्ही कुत्र्यांना घाबरत नाही, माणसांना घाबरता."

"मी कोणाला घाबरत नाही."

नर्सचं गप्प राहणं वेगळं असतं. थर्मामीटर तोंडात असल्यासारखं वाटतं, कधीतरी काढून वाचणारच. शेवटी मीच बोललो.

"सगळे एकच सांगतात. फार चांगल्या होत्या हो. आणि मग माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात. मला कळत नाही त्या वेळी तोंडाचं काय करायचं."

"म्हणून दोरी खेचता आणि निघता."

"हो."

"आणि त्या बिचाऱ्याला काय कळणार? समोरून माणूस आला की आपला गळा आवळला जातो. दहा महिने हेच. त्याच्या जागी मी असते ना, तर एव्हाना दोघातिघांना चावले असते. तो नुसता भुंकतो. चांगल्या घरचा आहे."

मी साहेबांकडे बघितलं. ते माझा ओला बूट हुंगत होते.

रविवारी आठला अख्खी बाग हजर. सेक्रेटरी कागद आणि घड्याळ घेऊन आले होते. मॅनेजर बादशहाला घेऊन आले होते, म्हणजे पुढे बादशहा आणि मागे ते. सेक्रेटरींनी जाहीर केलं, "पाचही गोष्टी जमल्या पाहिजेत. चारला पास नाही."

पहिली गोष्ट, अनोळखी माणूस जवळून जाणार. त्यासाठी नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला पकडून आणलं होतं. तो पान्यासकट गेला. साहेबांनी पान्याकडे बघितलं, बाकी काही नाही. दुसरी, कुत्रा जवळून जाणार. मावशी गेली, वाटेत माझ्या पायाला धडकली आणि माझ्यावर भुंकली. साहेब शांत. तिसरी, मागे स्टीलचं ताट आपटायचं. ताटाच्या आवाजाने सेक्रेटरींच्या हातातून घड्याळ पडलं. साहेबांनी नुसतं वळून बघितलं. चौथी, कान, दात आणि पंजे तपासायचे. सिस्टरनी तपासले. "असे पेशंट मला कधी मिळाले नाहीत," त्या म्हणाल्या.

"पाचवी," सेक्रेटरींनी वाचलं. "मालकाने कोणाशी तरी उभ्याने तीन मिनिटं बोलायचं. तेवढा वेळ कुत्र्याने गप्प राहायचं."

मी सिस्टरकडे बघितलं.

"मी परीक्षक. माझ्याशी बोललेलं धरत नाहीत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. "मॅनेजर, तुम्ही या."

"मी? मी तर तक्रार केली आहे."

"म्हणूनच. आधी बादशहाला बांधा."

मॅनेजरांनी खिसे चाचपले. त्यांच्याकडे दोरी नव्हतीच. सिस्टरनी पर्समधून बँडेजची गुंडाळी काढली, बादशहाच्या पट्ट्यात ओवली आणि दुसरं टोक मॅनेजरांच्या हातात दिलं. बादशहा अपघातातून वाचल्यासारखा दिसायला लागला.

सेक्रेटरींनी घड्याळ लावलं. आम्ही दोघं समोरासमोर उभे. मी मॅनेजरांच्या बुटांकडे बघत होतो आणि ते माझ्या. आता म्हणतील, फार चांगल्या होत्या. माझ्या हाताने आपोआप एक वेढा घेतला. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांच्या घशातून आवाज यायला लागला. सिस्टर खोकल्या. मी बोटं एकेक करून उघडली. सोपं नव्हतं ते.

"काका," मॅनेजर म्हणाले, "काकू गेल्या तेव्हा मी आलो नाही. दारापर्यंत आलो होतो. आणि परत वर गेलो. काय बोलायचं ते ठरेना."

"बरं केलंत," मी म्हणालो. "जे आत आले त्यांचंही ठरलेलं नव्हतं."

त्यांना हसू आलं. मग ते जरा घाबरून सेक्रेटरींकडे बघत म्हणाले, "काकू मला रोज झापायच्या."

"कशावरून?"

"याच्या दोरीवरून. म्हणायच्या, बँकेत लोकांकडून चार-चार सह्या घेता आणि कुत्रा तेवढा बिनसहीचा सोडता होय? मी इतका घाबरायचो की लिफ्टमध्येच दोरी लावून घ्यायचो."

"मग आता?"

मॅनेजर बँडेजशी चाळा करत राहिले. "आता कोणी झापत नाही."

साहेब बसले होते. मी ते बघितलं, पण बघितल्याचं दाखवलं नाही.

"उद्यापासून मी झापतो," मी म्हणालो.

"तुम्ही? तुम्ही तर बोलतच नाही. काकूच सांगायच्या."

"काय सांगायची?"

"राहू द्या काका."

"सांगा हो. तीन मिनिटं भरायची आहेत."

"म्हणायच्या, आमचे हे दिवसाला दोनच वाक्यं बोलतात. एक, दिवा बंद कर. आणि दुसरं, दिवा कोणी बंद केला?"

ढगोबाची आई मागून म्हणाली, "हो, हो, हे मलापण सांगितलं होतं." फुग्याचे आजोबा हसता हसता बाकावरून उठले. मला आधी वाटलं रागवावं. पण ते वाक्य तिच्याच आवाजात आलं होतं, आणि खोटंही नव्हतं.

"अजून?" मी विचारलं.

"म्हणायच्या, लिफ्टमध्ये कोणी अडकलं तर दाराबाहेर उभं राहून तासभर त्याच्याशी गप्पा मारतात, हसवतात, धीर देतात. मी एकदा अडकून बघावं म्हणते."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मला पुन्हा तोंडाचं काय करायचं ते कळेना, म्हणून मी काहीच केलं नाही. कोणी बघत असेल तर बघू दे म्हटलं. मॅनेजरही कुठे गेले नाहीत.

"झाली!" सेक्रेटरी म्हणाले. "तीन मिनिटं वीस सेकंद. पाचपैकी पाच. कुत्रा इमारतीत राहील. मॅनेजर, तक्रार मागे घेतल्याची इथे सही करा."

साहेब आडवे झाले होते आणि बादशहा त्यांच्या शेपटीपाशी लवून हुंगत होता, दोन टाक्यांचा कान सांभाळत. सिस्टर आपला थर्मास आवरायला लागल्या. लोक पांगायला लागले. सेक्रेटरींनी मॅनेजरांपुढे पेन धरलं.

"सही नंतर," मी म्हणालो. "आणखी काय म्हणायची ती?"

मॅनेजरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, पेन बाजूला केलं आणि बाकावरची पानं हाताने झटकली.

"बसा काका," ते म्हणाले. "वेळ लागेल."