परतूरचा गोलकीपर

मार्तंडाचा उजवा गुडघा लहानपणी बैलगाडीखाली आला, तेव्हापासून तो वाकत नसे. त्यामुळे त्यानं स्वतः कधी धड चेंडू मारला नाही. पण कोणाच्या पायात खेळ आहे, हे त्याला लांबून कळायचं. जालन्याच्या कापूस बाजारात तो मापाडी होता. कामानिमित्त गावोगावचे बाजार हिंडायचा आणि हिंडता हिंडता माणसं हेरायचा. काकासाहेबांच्या जिनिंग कारखान्याची फुटबॉलची टीम होती, तिच्यातली निम्मी पोरं त्यानंच आणलेली.

भुजंग त्याला हसनाबादेत सापडला. एक गोऱ्हा बिथरून नांगरटीत घुसला होता आणि हा पठ्ठ्या ढेकळांतून त्याच्याही पुढं पळत जाऊन त्याला वळवत होता. मार्तंडानं त्याच्या बापाचे पाय धरले आणि पोराला जालन्याला आणलं. जिनिंगमध्ये कामाला लावला, आपल्याच घरी ठेवला. मार्तंडाची बायको तारा नवऱ्याच्या आधी त्याचं ताट वाढायची.

टीमचा जुना मॅनेजर हैदराबादला निघून गेला, तेव्हा त्या जागी आता मार्तंडच, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. मार्तंडानंही. संक्रांतीच्या दिवशी काकासाहेबांनी सगळ्यांना जिनिंगच्या आवारात बोलावलं. मार्तंड धुतलेलं धोतर नेसून गेला. तिथं गिरिधरही बसला होता. गिरिधर वकिलाकडं कारकून होता, मार्तंडाचा बालमित्र. फुटबॉलशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

काकासाहेब म्हणाले, "मार्तंडा, तुला माणूस कळतो, ह्यात वादच न्हाई. पण टीम चालवायची म्हंजे मैदानाची इजाजत आली, सरकारी साहेब लोकांशी उर्दूत बोलणं आलं. गिरिधरची उर्दू साफ आहे. मंग पोरांनो, तुम्हीच सांगा. ज्यानं खेळाडू आणले, त्यानंच टीम चालवावी का?"

मार्तंडानं भुजंगाकडं बघितलं. भुजंग उठला.

"काकासाहेब, भाऊंनी मला आणलं, त्यांच्या घरचं मी खाल्लं. पण आणणाऱ्याला आपला माणूस बाहेर बसवता येत न्हाई. मागच्या साली माझा पाय सुजल्ता. तरी भाऊंनी मॅनेजरला सांगून मलाच उतरवलं. मच्छिंद्र चांगला असून बाहेर बसला, अन् आपण हारलो. चालवणारा परका असलेलाच बरा."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच मार्तंडाला वर बघवेना. गिरिधर मॅनेजर झाला आणि उभा राहून त्यानं पहिलं काय जाहीर केलं, तर औंदाचा कप्तान भुजंग. पोरांना काही नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एकट्या मार्तंडाला.

परतताना मच्छिंद्र म्हणाला, "दिवाळीतच ठरल्तं हे गिरिधरचं अन् भुजंगाचं, भाऊ. तुम्हाला म्हाईत न्हाई?"

घरी आल्यावर तारा म्हणाली, "भुजंगा कुठं राह्यला? भाकरी थंड होऊन राह्यली."

"त्याचं ताट आजपासून वाढू नको."

"आवो, सकाळीच तर पाया पडून गेला. तुमच्याच हातचा तिळगूळ घेतला न त्यानं?"

त्या रात्री भुजंग आला नाही. आपली ट्रंक न्यायला त्यानं दुसऱ्याला धाडलं.

गिरिधरनं मात्र काम करून दाखवलं. दोन वर्षं बंद पडलेल्या मैदानाची इजाजत त्यानं होळीच्या आत आणली. पोरांच्या पायांत बूट आले. औरंगाबादच्या सामन्यांत टीमचं नाव लागलं. मग एक दिवस तो मार्तंडाच्या ओट्यावर येऊन बसला.

"तू माझ्यावर रागावला, मला कळतं. पण माझं ऐक. मला खेळातलं ओ का ठो कळत न्हाई. आपला गोलकीपर थकलाय. तू म्हणशील तो माणूस मी डोळे झाकून घेतो."

मार्तंड म्हणाला, "बघतो."

चैत्रात तो परतूरच्या बाजाराला गेला होता. स्टेशनाबाहेर टरबुजांची गाडी रिकामी होत होती. गाडीवरचा माणूस टरबूज फेकी आणि खालचा उंच हमाल झेली. एक टरबूज भलतीकडंच सुटलं. त्या हमालानं अंग झोकून दिलं, जमिनीवर आडवा झाला, आणि टरबूज छातीशी साबूत. मार्तंड पुढं झाला. त्यानं नाव विचारलं. धर्मराज. हात बघितले, पंजे सुपाएवढे.

"फुटबॉल खेळशील का?"

"न्यायला कोणी आलं तर खेळंन की."

मार्तंडाच्या तोंडाशी शब्द आलाही होता. मग त्याला भुजंगाची ट्रंक आठवली. "येतो," एवढंच म्हणून तो जालन्याच्या रेल्वेत बसला.

गिरिधरनं विचारलं, "परतूरला कोणी?"

"बिलकुल कोणी न्हाई."

"मंग न्हाईच," गिरिधर म्हणाला आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही.

पावसाळ्यात औरंगाबादला टीम शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली. समोर परभणीची टीम होती. मार्तंड लोकांत उभा होता. परभणीचा गोलकीपर मैदानात उतरला आणि मार्तंडानं ते सुपाएवढे पंजे ओळखले. भुजंगानं तीनदा चेंडू जीव खाऊन मारला. तिन्ही वेळा त्या पंजांत गेला. इकडं जालन्याच्या थकलेल्या गोलकीपरच्या बगलेखालून एक निसटला, आणि सामना गेला.

चिखलानं भरलेला धर्मराज हसत हसत थेट मार्तंडाकडं आला. शेजारी गिरिधर होता, भुजंग होता.

"राम राम, भाऊ! वळखलं का? परतूरला टरबुजाच्या गाडीपाशी आल्ते तुम्ही. मी तुमची लई वाट बघितली. मंग हे परभणीवाले आले."

भुजंग एकदा मार्तंडाकडं बघून चालू लागला. गिरिधर मात्र थांबला.

"मला कळत न्हाई म्हणून तर तुला विचारलं होतं, मार्तंडा."

"अन् दिवाळीत भुजंगाला कप्तानी कबूल केली, तवा का न्हाई विचारलं?"

"तवा विचारायला पाहिजे होतं," गिरिधर म्हणाला.

त्यानं काकासाहेबांना यातलं काही सांगितलं नाही. पण मार्तंडाच्या ओट्यावर तो परत कधी आला नाही. पुढच्या साली खेळाडू त्यानं स्वतःच निवडले. मार्तंड मैदानाच्या कडेला उभा राहून बघायचा. एक नवा पोरगा चेंडू आला की डावा पाय चोरत होता. जुनं दुखणं असावं, सामन्यात तो टिकणार नव्हता. मार्तंडानं सांगायला तोंड उघडलं. गिरिधरनं त्याच्याकडं बघितलं, आणि त्या पोराला शाबासकी द्यायला पलीकडं निघून गेला.