श्री नसलेले फोटो

कागदाची नाही, डिंकाची नाही, दोऱ्याने बांधलेली तर मुळीच नाही. तरी चिठ्ठीच मी! माझं नाव श्री. राहायला काशीत, दुर्गाघाटाच्या गल्लीत, मराठी मंडळाच्या वरच्या खोलीतल्या कंप्युटरमध्ये. अंगाने म्हणाल तर रोमन लिपीतली चारच अक्षरं, कारण सन नव्व्याण्णवच्या या मशीनवर देवनागरी उमटवायची म्हणजे डोक्याला ताप. पण मिजास विचाराल, तर माझ्याइतकी मिरवलेली चिठ्ठी अख्ख्या मंडळात दुसरी नाही!

मला जन्माला घातलं मालविकेने. नुकतीच एम.एस्सी. झालेली मुलगी, पायाला भिंगरी. तिने काशीतल्या मराठी घरांचे जुने फोटो गोळा केले, स्कॅन करून मूळचे ज्याचे त्याला परत केले आणि पीएचपी नावाच्या नव्या भाषेत ते पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. हजारावर फोटो हो! पण एका फोटोला विभाग एकच: घाट, मुंज, लग्न, गणपती, आणि कुठेच न बसणाऱ्यांसाठी 'इतर'.

इथेच सगळं घोडं अडलं. पंचगंगा घाटावर लागलेली मुंज घाटात घालायची की मुंजीत? मंडळाचे अध्यक्ष नीलकंठकाका म्हणायचे मुंजीत, बाकीचे म्हणायचे घाटात. वाद मिटेना, की मालविका वैतागून तो फोटो 'इतर'मध्ये ढकलायची. होता होता निम्मे फोटो तिथेच जाऊन बसले.

उपाय सापडला तो पद्मामावशीच्या पातेल्यामुळे. पद्मामावशी शाळेत शिकवायची, आणि मंडळाच्या चहाला पातेलं तिच्याच घरून यायचं. एकदा ते विसळताना मालविकेची बोटं काठावर कोरलेल्या अक्षरांवरून फिरली. देणाऱ्याचं नाव, घेणारीचं नाव, कशाच्या निमित्ताने दिलं तेही.

"मावशी, एकाच पातेल्यावर एवढं सगळं?"

"मग? ज्याला जे आठवेल त्यावरून ओळखावं त्याने."

मालविका ओल्या हातांनी तशीच उठली. "अरे यार, यही तो चाहिए था!" आनंद झाला की पोरगी हिंदीवर जायची.

पद्मामावशी मात्र पातेल्याच्या काठाकडेच बघत होती. तिथलं घेणारीचं नाव होतं शरदिनी, तिची आई. मावशी दोन वर्षांची असताना ती गेली, आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता.

"नाव हाताला लागतं गं," मावशी म्हणाली, "चेहरा काही दिसत नाही. तिच्या मैत्रीण होत्या त्या इंदूकाकू म्हणतात, एकदा कुणीतरी तिचा फोटो काढला होता. तुझ्या ढिगात असेल का बघ ना."

झालं! मालविकेने कंबर कसली. प्रोग्रॅममध्ये फोटोंचा एक तक्ता होताच. तिने दुसरा तक्ता आम्हा चिठ्ठ्यांसाठी केला, आणि दोघांच्या मध्ये तिसरा: कोणती चिठ्ठी कोणत्या फोटोला चिकटली, एवढंच सांगणारा. आता एका फोटोला हव्या तितक्या चिठ्ठ्या, आणि एक चिठ्ठी हव्या तितक्या फोटोंना! जुने विभाग तिने मशीनकडूनच चिठ्ठ्या करून चिकटवून टाकले, म्हणजे बिनचिठ्ठीचा फोटो एकही उरला नाही.

पहिली चिठ्ठी लिहायचा मान नीलकंठकाकांना. काकांनी हात धुतले, कीबोर्डला नमस्कार केला, आणि फोटोत कोण आहे, कुठला आहे, हे लिहायच्या आधी टाइप केलं 'श्री'. तीच मी! जन्मतःच पहिला नंबर, अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या.

आणि मग काय सांगू! त्यांच्यामागून जो तो आला, आपापल्या घरचे फोटो शोधून चिठ्ठ्या लावायला बसला, आणि प्रत्येकाने आधी मला लिहिलं. पत्रिकेवर श्री, वाणसामानाच्या यादीवर श्री, मग इथेच का नको? मी घाटावर गेले, लग्नांत मिरवले, गणपतीत तर हिंडून हिंडून दमले. कौतुक अंगावर ओसंडत होतं नुसतं.

मालविकेने कपाळाला हात लावला. "काका, श्री शोधलं की सगळेच फोटो येतात. मग शोधलं काय आपण? मी काढून टाकते ही चिठ्ठी."

"श्री काढणार? काशीत राहून? शोभतं का बेटा तुला?"

"रविवारी काढते," मालविका म्हणाली, आणि माझं धाबं दणाणलं.

रविवारच का, तर त्या दिवशी ती मशीनपाशी बसणारच होती, इंदूकाकू येणार होत्या म्हणून. शरदिनीची ही मैत्रीण, आता ऐंशीच्या घरातली. शरदिनीचा चेहरा आठवणारं काशीत तेवढं एकच माणूस उरलेलं, आणि सोमवारी सकाळच्या गाडीने ती कायमची मुलाकडे उज्जैनला निघालेली. रविवारी फोटो सापडला तर सापडला. नाहीतर पुढे तो समोर आला तरी ही शरदिनी, असं सांगणार कोण?

दुपारी इंदूकाकूंना दोघांनी धरून जिना चढवला. पद्मामावशी त्यांना खेटून बसली. मालविकेने 'शरदिनी' शोधलं, काही नाही. 'कोजागिरी', 'हळदीकुंकू', 'शिंदे घाट', सगळं झालं. एकेक फोटो पडद्यावर वरून खाली रांगत रांगत उतरे, काकू चष्मा पुसून बघत आणि मान हलवत. "ही नव्हे गं. ही पण नव्हे." सगळेच्या सगळे दाखवायचे तर आठवडा गेला असता. त्यातून चार वाजता बिजली जाणार, आणि काकूंची मान दुखायला लागलेली.

"राहू दे मालविका," पद्मामावशी म्हणाली. "नसेल माझ्या नशिबात." आवाज इतका पडला होता तिचा, की मला मेलीला माझी मिजास नकोशी झाली.

मालविका रडकुंडीला आली. राग काढायचा कुणावर? माझ्यावर! "आधी या श्रीला पुसते. काही उपयोग नाही हिचा."

नीलकंठकाका ताडकन उठले. "उपयोग नाही कसा? ज्या फोटोला माणसाचा हात लागला त्यावर श्री आहे. जिथे श्री नाही, तिकडे कुणी ढुंकूनसुद्धा पाहिलेलं नाही, समझी?"

मालविकेचा हात हवेतच राहिला. "काका... फिर से बोलिए."

"काय बोलू? मी भांडतोय तुझ्याशी!"

पण ती कधीच टाइप करायला लागली होती. आजवर सगळ्यांनी विचारलं होतं, अमुक चिठ्ठी कुठे आहे. तिने उलटं विचारलं, श्री कुठे नाही? मशीन घुरघुरलं, आणि आले हो आले, जेमतेम दहा-बारा फोटो! सगळे 'इतर'मधले. कुणाच्याच घरचा कर्ता पुरुष त्यांत नव्हता, म्हणून त्यांना कुणीच आपलं म्हटलं नव्हतं.

एक उलटलेली होडी, एक रिकामी गच्ची, एक गाय. मग एक फोटो उतरायला लागला. आधी आकाश, मग लांबवर आलमगीर मशिदीची भिंत, मग गच्चीवर पापड लाटणाऱ्या बायकांची डोकी. सगळ्यांनी लाजून पदर पुढे ओढलेले. एकीने तेवढा ओढला नव्हता. लाटणं हातात धरून ती सरळ समोर बघत होती, तोंड भरून हसत.

"थांब!" इंदूकाकू ओरडल्या. "शरू! अगं, ही शरू!"

पद्मामावशी खुर्ची सोडून पडद्याजवळ गेली, काचेवर बोटं टेकली. "माझ्यासारखी हसते हो काकू."

"तू हसतेस तिच्यासारखी," काकू म्हणाल्या, आणि दोघी एकदमच रडायला लागल्या. काकांनीही उपरण्याने डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणून मालविकेवर खेकसले.

"मावशी, चिठ्ठी लावा. जल्दी, चार वाजतायत!" मालविकेने तिला कीबोर्डसमोर बसवलं. मावशीने एका बोटाने अक्षरं शोधली. सवयच ती, आधी श्रीच लिहिलं. मग थोडं थांबून लिहिलं, 'आई'. मालविकेने बटण दाबलं आणि दिवे गेले. अंधाऱ्या पडद्यापुढे उभी राहून पोरगी किंचाळली, "सेव्ह झालं! झालं सेव्ह!"

इंदूकाकू सोमवारी हसतमुखाने गाडीत बसल्या. मला पुसायचं नाव आता कुणी काढत नाही. हजार फोटोंवर मिरवले, पण त्या एका फोटोवर आईशेजारी जाऊन बसले, तो आनंद कशातच नाही. अजून काही फोटोंवर माझं पाऊल पडलेलं नाही. तेवढं एक मागते तुमच्याकडे: सवड काढून जिना चढा, आणि जिथे मी नाही तिथे जरा थांबून बघा. कुणाची तरी आई हसत बसली असेल.