दोन स्क्रू आणि एक चिठ्ठी

मी एक जुना व्होल्टमीटर आहे आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे. माझ्या काचेवर ‘खराब’ अशी चिठ्ठी डकवली आहे. ती का, ते ऐका.

मला घडवणाऱ्या बाईंनी श्वास रोखून माझा काटा शून्यावर आणला होता. त्यानंतर अकरा वर्षे मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत इमानाने राबलो.

परीक्षेआधी भौतिकशास्त्राचे सर मीटर तपासत. नवा आणि जुना मीटर त्याच दोन स्क्रूंना जोडायचे. आकडा जुळला नाही, तर जुना खोटा. बॅटरीवर ही रीत चालते. पण अकराव्या वर्षी टेबलावर तारेचे कडे मांडलेले होते. त्याच्या डाव्या अंगाला वीज अडवणारा लहान रोध, उजव्या अंगाला मोठा आणि मधोमध उलटसुलट वाहणाऱ्या विजेची गुंडाळी. घाईत सरांनी त्याच कड्याचे स्क्रू धरले. नवा मीटर उजवीकडे, मी डावीकडे. त्याने नऊ दाखवले, मी एक.

“हा म्हातारा खोटं बोलतोय,” सर म्हणाले. झाले, चिठ्ठी लागली आणि मी कपाटात गेलो. चोर सोडून संन्याशाला फाशी!

अहो, आम्ही दोघेही खरे होतो. माझ्या वायरींतून जो बारीकसा प्रवाह येतो, तेवढाच मी मोजतो. गुंडाळीचे चुंबकत्व सारखे बदलत असले, की वायरी तिच्या कोणत्या बाजूने आल्या यावर आकडा ठरतो. स्क्रू तेच, पण वाट वेगळी. हे सरांनीच शिकवायचे ना?

सात वर्षांनी मला भंगारात काढले. त्याच सकाळी शिकवायला आलेल्या नव्या बाईंना एक मीटर कमी पडला. प्रयोगशाळेतले काका मला देत म्हणाले, “घ्या, पण याच्यावर विसंबू नका.”

त्याच कड्याच्या डावीकडे मी पुन्हा एक दाखवला, उजवीकडच्या मीटरने नऊ. काका हसले. बाईंनी स्क्रू न सोडवता मला वायरींसकट गुंडाळीवरून उचलून पलीकडे ठेवले. माझा काटा नऊवर गेला.

“काका, मीटर चांगलाय. आपण बाजू बघितली नाही,” बाई म्हणाल्या.

सरांना बोलावले. त्यांनी स्वतः मला डावीकडून उजवीकडे फिरवून पाहिले. मग म्हणाले, “चालतोय खरा. वापरा. पण नोंदवहीत खराब लिहिलंय, चिठ्ठी राहू द्या.”

मित्रांनो, कुणाला खोटे ठरवण्याआधी त्याच्या वायरी कुठून आल्या ते पाहा. आणि चूक कळलीच, तर निदान चिठ्ठी तरी काढा. मुले अजून मान वाकडी करून, चिठ्ठीच्या कडेने माझा आकडा वाचतात. तो बरोबर असतो.