अल्बानोचा ताबा

कुटुंब न्यायालयाने घटस्फोट मंजूर केला तेव्हा देओलिंदाने सुटकेचा श्वास सोडला, आणि अंतिम हुकूम निघून तो पक्का व्हायच्या आत स्वतःच्याच हाताने घोळ घातला. अल्बानो आजारी पडला. खाडीत शिंपले काढण्यात जन्म गेलेल्या माणसाला विमा कुठला? जो होता तो देओलिंदाच्या शाळेतल्या नोकरीचा, आणि तो अल्बानो तिचा नवरा असेपर्यंतच त्याला लागू. दारात टोपी चुरगाळत अल्बानो म्हणाला, "ऑपरेशन होईपर्यंत थांब. मग हवं तर खाडीत ढकल मला." ऱ्होड आयलंडात अशी दया पुष्कळ बायकांनी केलेली आहे. तिनेही वकिलाला थांबायला सांगितलं. ऑपरेशनच्या टेबलावरच अल्बानो गेला.

दफनाच्या दुसऱ्याच दिवशी, चांगलं ऊन असताना, पायरीवर बूट आपटल्याचा आवाज झाला. चिखल झाडायची त्याची खोड ती. पूर्वी हा आवाज आला की, आज राग कशावर निघणार याचा ती अंदाज घेऊ लागायची. तो वेगळा राहायला गेला तेव्हा आवाजही गेला होता. तिने दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. पायरी मात्र ओली होती आणि ओहोटीच्या गाळाचा वास येत होता.

मग रोजच तो येऊ लागला. देओलिंदाची खात्री पटली की मोडायचं राहिलेलं लग्न त्याला घरी आणतंय. ती तडक कुटुंब न्यायालयात गेली आणि म्हणाली, तो हुकूम आता तरी द्या.

"मेलेल्याला घटस्फोट कसा देणार, बाई?" खिडकीतला कारकून म्हणाला. "दोघं जिवंत असतील तोवरच आमचं काम. तो गेला, खटलाही गेला. तुम्ही आता विधवा. पुढचं तुमच्या टाउन हॉलमधल्या वारसा कोर्टात."

टाउन हॉलमध्ये टेबलामागे लुर्दिस बोतेल्यो होती, चर्चमध्ये देओलिंदाच्या मागच्याच बाकावर बसणारी. अल्बानोचा धाकटा भाऊ ओरासिओ आधीच येऊन तिच्याशी हुज्जत घालत होता.

"बोट माझी आहे. इंजिन मी बसवलंय."

"बोट कोणाची हे भांडायचं असेल तर प्रॉव्हिडन्सला जा, दिवाणीत," लुर्दिस म्हणाली. "मेलेल्याचं मागे राहिलेलं कोणी सांभाळायचं, एवढंच इथे ठरतं. आणि पहिला मान बायकोचा. घर दोघांच्या नावावर, ते तर आपोआप तिचंच."

"आणि मेलेलाच मागे राहिला असेल तर?" देओलिंदाने विचारलं. "ते कुठल्या कोर्टात?"

लुर्दिस हसली नाही. तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "त्याला कुठेच खिडकी नाही गं."

ओरासिओला मात्र संधी दिसली. "वहिनी, कशाला डोक्याला ताप? दे मला. बोट, गाडी, कपडे, त्याचं जे जे असेल ते मी बघतो."

"जे जे असेल ते?"

"अगदी सगळं. आईची शपथ."

देओलिंदाने लुर्दिसकडे पाहिलं. लुर्दिस खाली मान घालून कागद काढत होती. देओलिंदाने हक्क सोडल्याची सही केली. वकील नंतर ओरडला, हक्क असा सोडतात का म्हणून. तिने ऐकून घेतलं. न्यायाधीशांनी अल्बानोच्या मागे राहिलेल्या सगळ्याचा कारभार ओरासिओच्या हाती दिला आणि त्या दिवशी पायरी कोरडी राहिली. दुसऱ्या दिवशीही.

आठवडा सरता सरता ओरासिओचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"वहिनी, तो... तो बूट आपटायचा का गं दारात?"

"आपटायचा."

"तू एकदा ये. कागदोपत्री तू बायको आहेस. तुझं ऐकेल."

"माझं त्याने कधीच ऐकलं नाही, ओरासिओ. शपथ तू घेतलीस."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि सूपसाठी पालेभाजी चिरायला घेतली. घर शांत होतं. इतकी वर्षं तो रागावलेला होता, मग आजारी होता, मग परत येणारा होता. आज तो नुसता मेलेला होता. देओलिंदाने सुरी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच त्याच्यासाठी रडली.