उघडा जोड

जनाबाई रोज सकाळी उठून नवऱ्याच्या गाडीत बिघाड करून ठेवायची.

गाडी म्हणजे खेळातली. माडीवरच्या खोलीत लाकडी पायांवर प्लायवूडच्या फळ्या जोडून, त्यांवर रूळ टाकून तिचा नवरा दामाजी आणि मुलगा प्रणित यांनी कित्येक रविवार खपून उभी केलेली. बोगदा, पूल, दोन स्टेशनं, कशाची कमी नव्हती. पूर्वी त्या खोलीत जाळी असायची. खाडीत मासळी मिळेनाशी झाली, दामाजी कोलशेतच्याच एका कारखान्यात वायरमन म्हणून लागला, आणि जाळी कोपऱ्यात सरकून रुळांना जागा झाली. कोळ्याच्या घरात आगगाडी, म्हणून आळीतल्या लोकांनी त्याची भरपूर टर उडवली होती. बापलेकांनी कुणाला भीक घातली नाही.

मग जानेवारीत शीळफाट्यावर प्रणितची बाइक ट्रकखाली आली. प्रणित जागच्या जागी गेला.

तेव्हापासून दामाजी पडवीतल्या खुर्चीत बसला तो बसलाच. वाढलं तर जेवायचा, पाणी काढलं तर आंघोळ करायचा. बोलायचा मात्र नाही. समाचाराला येणाऱ्या बाया त्याच्याकडे बघून पदर डोळ्यांना लावायच्या आणि मग हळूच जनाबाईकडे बघायच्या. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते त्यांनी बरोबर हेरलं होतं. अशा बाबतीत आळीची नजर पक्की. दोघीतिघींनी तिला दगड म्हटलं, तेही तिच्या कानावर घातलं गेलं. तिला वाईटसुद्धा वाटलं नाही. दातवाल्यानं सुई टोचल्यावर गाल आपलाच असून आपला नसतो, तशी ती सगळीच झाली होती. भात शिजायचा, मासळी विकली जायची, दिवस जायचा.

पहिला बिघाड तिनं केला नव्हता. लेक भाविका कल्याणहून आली होती. तिनं माडीवरची खोली झाडायला घेतली, खिडकीचे गज तारेच्या घासणीनं घासले आणि सहज गाडीचं बटण दाबलं. गाडी जागची हलेना, बटणाशेजारची लाल बत्ती तेवढी लागली.

"बाबा, ही शॉर्ट दाखवतेय," ती जिन्यातून म्हणाली.

आणि दामाजी उठला. कुणी हात न धरता जिना चढला. घटकाभरानं वरून त्याचा आवाज आला, "जने, चाय टाक."

जनाबाई चहाचं आधण ठेवून तशीच उभी राहिली. इतक्या दिवसांत त्यानं तिला पहिल्यांदा हाक मारली होती. वर गेली तेव्हा दामाजीच्या चिमटीत घासणीचा केसाएवढा तंतू होता. तो रुळांवर आडवा पडला होता. रूळ दोन, त्यानं समजावलं, एकातून करंट जातो, दुसऱ्यातून माघारी येतो. दोघांना धातूचं काही चिकटलं की करंट तिथल्या तिथं परत फिरतो, गाडीला काही मिळत नाही. एवढं सगळं तो एका दमात बोलला. संध्याकाळी पुन्हा खुर्चीत.

दुसऱ्या दिवशी जनाबाईनं घासणीचा एक तंतू उपसला आणि बोगद्यात रुळांवर ठेवला. मग खाली येऊन म्हणाली, "अवो, झाडताना बटन दाबलं, तर गाडी अडली."

तिथून हा धंदाच सुरू झाला. शॉर्ट असला की माणूस उठायचा. नसला की खुर्ची. जनाबाईचं गणित एवढंच होतं, आणि त्या गणितावर तिचं घर कसंबसं उभं होतं.

सुरुवातीला तिच्या चुका झाल्या. एकदा तिनं सुरमईचा काटा आडवा टाकला. माणसाच्या घशात अडकणारा काटा, पण गाडी त्याला चिरडून खुशाल पुढं गेली. तेव्हा धातूच पाहिजे हे तिला नीट कळलं. मग स्टेपलरची पिन झाली, चॉकलेटची चांदी झाली, कोपऱ्यातल्या जुन्या जाळ्याला वजनासाठी ओवलेलं शिसं झालं. वस्तू ती अशा जागी ठेवायची की सापडेल, पण चहाच्या आधी नाही.

दामाजी शोधायचा तो शिस्तीत. "आधी डबे उचल," म्हणायचा. "डब्यात हाय का रुळात, ते बघू." जनाबाई डबे उचलायची. मग तो एकेका भागाची वायर सोडवायचा. ज्या भागाची वायर सोडल्यावर बत्ती विझेल, खोट त्या भागात. तिथं तो मीटरच्या दोन सुया टेकवायचा, दोन तारा कुठं चिकटल्या असल्या की मीटर टीं वाजायचा. "बॅटरी धर. जरा खाली. नाय, इथं नाय." तिच्याशी तो एवढंच बोलायचा, पण बोलायचा. प्रणितचं नाव मात्र दोघांच्याही तोंडून कधी निघत नव्हतं. हे सगळं रोज आपोआप कसं बिघडतं, असंही त्यानं कधी विचारलं नाही. कळलं होतं की नव्हतं, कोण जाणे. जनाबाईनं त्यावर डोकं चालवायचं नाही असंच ठरवलं होतं.

एक दिवस ती पहाटे बंदरावर गेली आणि तिथंच अडकली. कोळंबीचा लिलाव लांबला, मग बाजारात गिऱ्हाइकं रेंगाळली. ऊन वर आलं तेव्हा तिला आठवलं, आज काहीच ठेवलेलं नाही. आजचा दिवस खुर्चीत गेला, असं म्हणत ती टोपली डोक्यावर घेऊन घरी आली.

खुर्ची रिकामी होती.

घराच्या मागंच खाडी होती, आणि भरती होती. तिनं टोपली पडवीत टाकली, मागच्या दाराला गेली, पुन्हा आत आली. तेवढ्यात माडीवरून मीटरची टीं ऐकू आली.

ती धापा टाकत वर गेली. दामाजी एकटाच डबे उचलून बाजूला मांडत होता.

"शॉर्ट हाय," तो म्हणाला.

"आज कसा असंल?" जनाबाई बोलून गेली.

"बत्ती लागलीय ना. ये, बॅटरी धर."

तिनं टॉर्च धरली. आज पहिल्यांदा तिलाही ठाऊक नव्हतं कुठं बघायचं. स्टेशनांची वायर सोडली, बत्ती तशीच. बोगद्याची सोडली, तशीच. राहिला पूल. पुलाचं सगळं काम प्रणितनं एकट्यानं केलेलं, बापाला हात लावू दिला नव्हता. त्याची वायर सोडली आणि बत्ती विझली.

दामाजी पाठीवर झोपून फळ्यांखाली सरकला. नुसते पाय बाहेर राहिले. खालून मीटरची टीं लांबत गेली.

"टेप नाय लावली," तो खालून पुटपुटला. "दोन जोड शेजारी शेजारी, आनि दोन्ही उघडे. खारी हवा, गाडीचे हादरे, लागनारच की एकमेकाला. कितीदा सांगतो याला, जोड उघडा सोडू नको. आयकंल तर शप्पत." मग नेहमीच्या मोठ्या आवाजात, "प्रणित, वर ये जरा. काय करून ठेवलंस बघ."

जनाबाईनं खरंच जिन्याकडे पाहिलं.

जिन्यात कुणी नव्हतं. खाली मीटर वाजतच राहिला. दामाजीनं तारेवरची सुई काढली नाही, पायही हलवले नाहीत. मग त्याचे पाय थरथरू लागले आणि जनाबाईला रडू फुटलं. जानेवारीपासूनचं सगळं आलं, तोंडावर हात दाबून धरायलाही वेळ मिळाला नाही. आपण रडतोय हे तिला स्वतःच्या आवाजावरून कळलं.

तशीच ती गुडघे टेकून, लुगडं सावरत फळ्यांखाली शिरली. दामाजीचा चेहरा ओला होता. तो वरच्या त्या दोन तारांकडे बघत होता.

"तो नाय यायचा," जनाबाई म्हणाली. "मी आलंय. मना दाखवा."

दामाजीनं बोटानं दाखवलं. तांब्याची दोन बारीक टोकं, एकमेकाला टेकलेली.

"आयकत नव्हता," तो म्हणाला.

"कोनाचं आयकलं त्यानं?" जनाबाई म्हणाली, आणि दामाजी टेपचं टोक नखानं सोडवेपर्यंत तिनं दोन्ही तारा बोटांनी वेगळ्या धरल्या.