शेऱ्यातली नावं

मी एक चावी बोलतेय. दात नसलेली, काळी, अंगठ्याएवढी. मला संगणकाच्या मागच्या खाचेत खोचलं की जन्म-मृत्यू नोंदणीचा प्रोग्राम उघडायचा. काढलं की बंद. टेबल, खुर्च्या, संगणक सगळं सरकारी होतं. प्रोग्राम तेवढा एका कंपनीचा, आणि मी त्या कंपनीची राखणदार.

सोळा वर्षं मी तोऱ्यात काढली. नोंदणी कारकून बाई, म्हणजे आमच्या ताई, जेवायला जाताना मला चष्म्याच्या घरात ठेवून ते मिटायच्या. एकदा चष्म्यासकट मला घेऊन रजेवर गेल्या आणि दिवसभर कचेरी ठप्प झाली. रांगेतली माणसं हात हलवत परत गेली. मला मात्र केवढा अभिमान वाटला होता! आज त्याची लाज वाटते.

ताईंची एक रीत होती. नाव ठेवण्याआधीच गेलेल्या बाळाची नोंद ‘नाव नाही’ अशी करायचा नियम होता. ताई तेवढ्यावर थांबायच्या नाहीत. हलक्या आवाजात विचारायच्या, “घरी काय हाक मारत होता?” आणि ते नाव शेऱ्याच्या रकान्यात लिहायच्या. असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

मग वरून हुकूम आला: सगळ्या कचेऱ्यांनी खुला प्रोग्राम वापरायचा, ज्याची बांधणी कुणीही उघडून पाहावी आणि दुरुस्त करावी. मी मनात नाक मुरडलं. उघड्या दाराला कसली आलीय अब्रू! कंपनीने काढून दिलेल्या नोंदी सरकारी इंजिनिअरने नव्या प्रोग्राममध्ये नेल्या. आकडे जुळले. महिनाअखेरीस माझा करार संपणार होता.

तीन दिवस उरले असताना खिडकीशी एक बसचालक बाई आली, गणवेशातच. नऊ वर्षांपूर्वी तिची मुलगी अकराव्या दिवशी गेली होती. “फोटो नाही, काही नाही. तुम्ही तिचं नाव लिहून घेतलं होतं. तेवढा कागद मिळेल का?”

ताईंनी नवा प्रोग्राम उघडला. नाव नाही. शेऱ्याचा रकानाच नव्हता.

“शेरा कोण वाचतं, म्हणून नाही घेतला,” इंजिनिअर म्हणाला.

“अहो, त्यातच तर पोरं आहेत!” ताईंचा आवाज चिरकला.

जुन्या फाइली कंपनीच्या गुप्त लिपीत होत्या. कंपनीने कळवलं, शेरा काढून देणं करारात बसत नाही. पडद्यावर एकेक नोंद उघडून वाचणं एवढंच हाती होतं, तेही माझा श्वास चालू असेतो.

इंजिनिअर खजील झाला. कुणाची परवानगी न मागता त्याने तासाभरात नव्या प्रोग्राममध्ये शेऱ्याचा रकाना घातला. ते पाहून माझा ताठा उतरला. मग निनाव्या बाळांची यादी काढली: दोनशे चाळीस. ताई जुन्या पडद्यावरून वाचायच्या, तो टिपायचा. बबडी. ठोंब्या. राजा. मधेच ताई पदराने डोळे पुसायच्या आणि तो टंकायचं थांबायचा. तापले की मिनिटभर रुसून बसायची माझी जुनी खोड. त्या तीन दिवसांत मी एकदाही रुसले नाही. शेवटचं नाव टिपून झालं तेव्हा कचेरी सुटायला दहा मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी मी मुकी होऊन टेबलावर पडले होते. बसचालक बाई आली. ताईंनी छापलेला कागद पुढे केला आणि वाचून दाखवला, “शेरा: घरी मुंगी म्हणत.”

“मुंगीसारखी चिकटायची, बोट सोडायचीच नाही ना,” ती म्हणाली. “माझ्याशिवाय कुणी तिला हाक मारलेली नऊ वर्षांत ऐकली नव्हती.”

तिने कागदाची घडी घातली नाही. तो दोन्ही हातांवर आडवा धरून ती सावकाश पायऱ्या उतरली.

ती दोनशे चाळीस लेकरं माझ्यामागे कोंडलेली होती, आणि मी पहारा देतेय म्हणून मिरवत होते. आता मला कचऱ्यात टाका, माझा राग नाही. पण कुणाच्या लेकराच्या नावाला पुन्हा परक्याचं कुलूप लावू नका.